ग्लूटेनमुक्त मीटबॉल्स: कामाच्या दिवशी, पाऊण तासात

रानजाई

मुलीला सिलिॲक असल्याचं निदान झालं, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याच्या अस्तराला इजा होते तो आजार. ग्लूटेन हे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, त्यामुळे तेव्हापासून ही धान्यं आमच्या घरात येत नाहीत. बरेच पदार्थ नव्याने शिकावे लागले. मीटबॉल्सच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लवकर कळली आणि मला तिचा फार आनंद झाला: या पदार्थाला ग्लूटेनची गरज मुळात नव्हतीच.

ब्रेडचा चुरा घातला नाही तर गोळे फुटतात, असा सर्रास समज आहे. पण गोळा धरून ठेवतात ती मांसातली प्रथिनं. दूध प्यायलेल्या ब्रेडचं काम वेगळंच असतं. तो आतलं पाणी धरून ठेवतो आणि शिजताना मांसाचे कण एकमेकांना घट्ट आवळू लागले की मध्ये येतो. म्हणून गोळा मऊ राहतो. हे काम कुठलाही मऊ, ओलसर स्टार्च करतो. आमच्याकडे ते शिजलेला भात करतो.

माझं प्रमाण असं. अर्धा किलो खिमा, चरबी साधारण १५ ते २० टक्के असलेला. १०० ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे साधारण अर्धी ते पाऊण वाटी. दोन टेबलस्पून दूध, एक अंडं, सहा ग्रॅम म्हणजे एक सपाट टीस्पून मीठ, मिरपूड, लसणाच्या दोन पाकळ्या किसून, एक छोटा कांदा किसून, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर.

आधी भात आणि दूध एकत्र करून काट्याने किंवा हाताने पार लगदा करून घ्यायचा. एकही शीत अख्खं दिसता कामा नये, नाहीतर भाजताना पृष्ठभागावरची शितं वाळून दाताखाली कडक लागतात. या लगद्यात अंडं, मीठ, कांदा, लसूण, सगळं आधीच कालवून घ्यायचं. खिमा सगळ्यात शेवटी. तो घातल्यावर मळायचं नाही. बोटं पसरून, हलक्या हाताने, सगळं सारखं दिसेपर्यंतच कालवायचं आणि हात बाहेर काढायचा.

हाताला पाणी लावून चार सेंटिमीटरचे गोळे वळायचे. प्रत्येकी ३५ ग्रॅमच्या आसपास धरले तर वीसेक होतात. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर गोळे एकमेकांना न चिकटवता. ओव्हन २२० अंश सेल्सिअसला आधी पूर्ण तापलेला हवा. १५ ते १८ मिनिटं.

ट्रे आत गेला की सॉस. रुंद कढईत ऑलिव्ह तेल, लसूण, ४०० ग्रॅमचा टोमॅटोचा डबा, मीठ, थोडी साखर. मंद आचेवर पंधरा मिनिटं. गोळे बाहेर आले की ट्रेवर सुटलेल्या रसासकट सॉसमध्ये सोडायचे, पाच मिनिटं झाकण ठेवायचं. बरोबर भात, कुस्करलेला बटाटा किंवा ग्लूटेनमुक्त पास्ता. कुणासाठी काही वेगळं शिजवावं लागत नाही आणि सगळे एकाच भांड्यातून वाढून घेतात. माझ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

तुम्ही काय वापरता, कसं करता, ते जरूर लिहा.

पारिजात

मस्त धागा, रानजाईताई. भात कधी सुचलाच नव्हता. मी बाजारात मिळणारा ग्लूटेनमुक्त ब्रेडचा चुरा घालते. तो घातला की गोळे जरा कोरडे लागतात. त्यावर काही उपाय?

रानजाई

@पारिजात, तो चुरा कोरडाच खिम्यात घालत असाल तर असं होणारच. हा चुरा बहुतेकदा तांदूळ, मका आणि वेगवेगळ्या स्टार्चचा असतो आणि पाणी सावकाश शोषतो. कोरडा घातला की शिजताना मांसाचा रस ओढून घेतो. ४० ग्रॅम चुऱ्याला ६० मिलिलिटर दूध किंवा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) घाला आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. बोटाने दाबल्यावर लापशीसारखं लागलं पाहिजे. अजून खरखरीत लागलं तर आणखी चमचाभर दूध.

कोरा_कागद

रानजाई यांनी मूळ मुद्दा अगदी नेमका मांडलाय. त्यामागची कारणं थोडी सविस्तर लिहितो, कारण ती कळली की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत.

मांसात मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मीठ लागलं की ते विरघळून बाहेर येतं आणि चिकट होतं. मीठ घातलेला खिमा जितका जास्त मळाल तितकं ते जास्त बाहेर येतं. तापवल्यावर त्याची जाळी बनते आणि सगळं एकजीव होतं. सॉसेजमध्ये हेच हवं असतं, म्हणून ते कापल्यावर गुळगुळीत आणि लवचिक लागतं. मीटबॉलमध्ये ही जाळी हवी, पण विरळ. फार झाली की गोळा चेंडूसारखा चिवट होतो आणि आवळताना आतलं पाणी बाहेर पिळून टाकतो.

भाताचा किंवा ब्रेडचा लगदा या जाळीच्या मधे मधे बसतो. स्टार्च शिजलेला असेल तर त्याने पाणी आधीच धरलेलं असतं. कच्चा असेल, म्हणजे कॉर्नफ्लोअर वगैरे, तर साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे तो फुगतो आणि आसपासचं पाणी शोषून घेतो. या सगळ्यात ग्लूटेन कुठेच नाही. ते गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांपासून, पीठ पाण्यात मळल्यावर तयार होतं. पाव फुगायला ते लागतं, कारण आतली हवा कोंडून धरायची असते. मीटबॉलमध्ये कोंडायला हवाच नाही.

म्हणून पावाची ग्लूटेनमुक्त आवृत्ती करणं अवघड आणि मीटबॉलची अगदी सोपी.

मोरपीस

वा! इतकं स्वच्छ कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

माझा प्रश्न चिकनचा. चिकन खिम्याचे गोळे वळतानाच हाताला चिकटतात, आणि सॉसमध्ये टाकले की अर्धे विरतात. उरलेले खाताना कोरडे. घरी लाल मांस कुणी खात नाही, त्यामुळे चिकनचंच काहीतरी जमायला हवं.

रानजाई

@मोरपीस, खिमा छातीच्या मांसाचा आहे का? त्यात चरबी जवळजवळ नसते. शक्य असेल तर मांडीचं मांस घ्या किंवा अर्धं-अर्धं. छातीचंच घ्यायचं असेल तर अर्ध्या किलोला दोन टेबलस्पून ऑलिव्ह तेल लगद्यातच घाला.

चिकटण्यावर उपाय थंडावा. कालवलेलं मिश्रण झाकून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात सॉस होतो. मिश्रण घट्ट झालं की ओल्या हाताने सहज वळतं.

आणि सॉसमध्ये कच्चे गोळे सोडू नका. आधी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर बाहेरून पक्के होऊ द्या. कच्चा, मऊ गोळा उकळत्या सॉसमध्ये हलला की फुटतो.

कोरा_कागद

@मोरपीस, कोरडेपणाचं मुख्य कारण बहुधा जास्त शिजणं हेच असेल. चिकनच्या खिम्याला आत ७४ अंश सेल्सिअस हवं, लाल मांसाच्या खिम्याला ७१. ८५ पर्यंत गेलं की छातीचं मांस कोरडं पडतंच, मग लगदा कितीही घाला. आतलं तापमान मोजायचा थर्मामीटर या एका पदार्थासाठीही घेण्यासारखा आहे. गोळ्याच्या बाजूने आत खुपसून टोक बरोबर मध्यावर आणायचं. वरून खुपसलं तर टोक खालच्या तापलेल्या ट्रेजवळ जाऊन आकडा फसवा येतो.

रंगावर विसंबू नका. खिमा कधी पूर्ण शिजण्याआधीच तपकिरी होतो, तर कधी शिजूनही गुलाबीसर राहतो.

कमी चरबीच्या खिम्यासाठी आणखी एक युक्ती आहे. बिनचवीचं जिलेटिन एक टीस्पून, दोन टेबलस्पून गार स्टॉकमध्ये पाच मिनिटं भिजवून लगद्यात मिसळायचं. तापल्यावर ते वितळतं, रस किंचित दाटसर करतं आणि खाताना ओशट, रसदार लागतं.

मोरपीस

दोघांचेही मनापासून आभार. मांडीचं मांस आणि फ्रिज, दोन्ही करून बघते.

दगडफूल

आम्ही भाताऐवजी ओट्स घालतो. ओट्स ग्लूटेनमुक्त असतात ना? मग सगळ्यात सोपं तेच. भिजायलाही वेळ लागत नाही.

सांजवेळ

@दगडफूल, इथे जरा थांबा. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं हे खरं. पण साधे ओट्स बहुतेकदा गहू-बार्लीच्या शेजारच्या शेतातून, त्याच यंत्रांतून, त्याच गोण्यांतून येतात आणि त्यांत गव्हाचे-बार्लीचे दाणे मिसळलेले असतात. सिलिॲक असणाऱ्यासाठी पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स हवेत.

दगडफूल

पण इतकं थोडं मिसळलेलं असेल तर खरंच फरक पडतो का? एखाद-दुसरा दाणा?

सांजवेळ

पडतो. मला स्वतःला सिलिॲक आहे, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी सिलिॲकमध्ये आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग. ताटात तो दिसणारही नाही. आणि इजा होतेय हे दर वेळी पोट दुखून कळतंच असं नाही. कित्येकांना काही जाणवत नाही, पण आत नुकसान चालूच राहतं. आंतरराष्ट्रीय मानक, कोडेक्सचं, ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घालतं ती उगाच नाही.

कोरा_कागद

सांजवेळ यांना पूर्ण अनुमोदन. गहू आणि हा आजार यांचा संबंध लक्षात आला त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना तो संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, तिथे ब्रेडचा भीषण तुटवडा होता. त्यानंतर ब्रेड पुन्हा मिळू लागला तेव्हा आजारी मुलांची तब्येत परत बिघडली, हे त्यांच्या निरीक्षणाशी जुळलं. १९५० मध्ये त्यांनी या विषयावर प्रबंध सादर केला. तोपर्यंत पालक आणि डॉक्टर अक्षरशः अंदाजाने मुलांना खाऊ घालत होते. आज आपल्याला नेमकं काय टाळायचं ते माहीत आहे, तर ते नीट टाळू या.

ओट्सबद्दल एक भर. सिलिॲक असलेल्या बहुतेकांना शुद्ध ओट्स चालतात. थोड्या लोकांना ओट्समधल्या ॲव्हेनिन या प्रथिनाचाही त्रास होतो. म्हणून निदान नवं असेल तर आधी तब्येत स्थिरावू द्यावी आणि ओट्स सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

दगडफूल

समजलं. आमच्याकडे सिलिॲक कुणाला नाही, पण भाचा राहायला येणार आहे आणि त्याला आहे. बरं झालं इथे विचारलं. पाकीट बघून घेईन.

रानजाई

@दगडफूल, पाकीट योग्य असेल तर ओट्सचे मीटबॉल्स सुंदर होतात. जाड ओट्स मिक्सरमध्ये थोडे फिरवून घ्या. अर्धा किलोला ४५ ग्रॅम ओट्स आणि ६० मिलिलिटर दूध, दहा मिनिटं भिजवून. फक्त तो मिक्सर कशा-कशाला वापरलाय ते बघा. पात्याखालच्या खाचेत पीठ साठतं.

अबोली

माझी परिस्थिती दगडफूल यांच्यासारखीच आहे. शुक्रवारी मैत्रीण जेवायला येतेय, तिला सिलिॲक आहे. आमच्या घरी गव्हाचा वापर रोजचा. ती म्हणते, मी माझा डबा आणते. मला ते अजिबात नको आहे. तिने आमच्याबरोबर गरम जेवावं असं मनापासून वाटतं. हे मीटबॉल्स करायचं ठरवलंय. भीती फक्त एवढीच की आपल्या हातून काही चुकू नये. नेमकं काय काय बघू?

सांजवेळ

अबोली, तुमच्या मैत्रिणीच्या जागी मी असते तर हे वाचूनच भरून आलं असतं. लिहिते सविस्तर.

सगळ्यात आधी तिला फोन करा आणि काय करणार, त्यात काय काय घालणार ते सगळं सांगा. तिला अंडं, दूध चालतं का तेही विचारा. निदान नवं असेल तर आतडं भरून येईपर्यंत अनेकांना दूध पचत नाही.

स्वयंपाकाच्या दिवशी घरात पीठ चाळू किंवा मळू नका. पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ ओट्यावर, भांड्यांवर बसत राहतं. करायचंच असेल तर आदल्या दिवशी, आणि मग ओटा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसलं तर पीठ पसरतं.

स्टीलची, काचेची भांडी साबणाने नीट घासली की पुरे. लाकडाचं मात्र काही वापरू नका. लाकडी चमचा, लाकडी पाट, लाटणं, या सगळ्याच्या रेषांमध्ये पीठ अडकतं. पास्त्याची चाळणीही नको, तिची भोकं पूर्ण साफ होत नाहीत. चरे पडलेला नॉनस्टिक तवा टाळा. ट्रेवर नवा बेकिंग पेपर घाला.

उघडलेलं लोणी, जॅम, मेयोनीज यांत ब्रेडला लावलेली सुरी परत बुडालेली असते. तिच्यासाठी नवं पाकीट उघडा. मीठसुद्धा पिठाच्या हाताने घेतलं जात असेल तर नवं काढा.

तळणार असाल तर नवं तेल. पिठाचं काही तळलेल्या तेलात ग्लूटेन राहतं, आणि कितीही उकळलं तरी ते नष्ट होत नाही. हे जंतूंसारखं नाही, शिजवून मरत नाही.

पुसायचं फडकं आणि भांडी घासायचा स्पंज त्या दिवशी नवा घ्या. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

पारिजात

एक भर घालते: जी पाकिटं, बाटल्या वापराल त्यांची वेष्टणं फेकू नका, ओट्यावर ठेवा. आमच्याकडे पाहुणे आले की मी तसंच करते. माणूस स्वतः वाचतो आणि निर्धास्त जेवतो.

अबोली

ही सूचना फारच छान. दोघींचेही खूप आभार. चाळणी आणि स्पंज माझ्या डोक्यातही आले नसते.

आणि लपलेलं ग्लूटेन कुठे असतं? मीटबॉल्समध्ये मी सोया सॉस थोडा घालते, चवीला.

रानजाई

@अबोली, सोया सॉस आधी बाजूला ठेवा! साध्या सोया सॉसमध्ये गहू हा मुख्य घटकच असतो. तमारी नावाचा प्रकार बहुधा बिनगव्हाचा असतो, पण तोही लेबल वाचूनच.

मीटबॉल्सच्या वाटेवर आणखी ज्या गोष्टी येतात त्या अशा. स्टॉकच्या वड्यांमध्ये गव्हाचं पीठ किंवा बार्लीचा माल्ट असू शकतो. वूस्टर सॉसच्या काही प्रकारांत माल्ट व्हिनेगर असतं, ते बार्लीचं. तयार मसाल्यांच्या मिश्रणात गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी पीठ घालतात. सुटी मिरी, सुटं जिरं, घरी कुटलेलं असेल तर चिंता नाही.

आणि खुद्द खिमा! साध्या खिम्यात ग्लूटेन नसतंच. पण आधीच मसाला लावलेला, गोळ्यांसाठी तयार म्हणून विकतात त्या खिम्यात चुरा घातलेला असतो. सॉसेजमध्येही असतो. दुकानात समोर खिमा करून घेत असाल तर त्याच यंत्रातून आधी सॉसेजचं मिश्रण काढलंय का, हे विचारायला संकोच करू नका. मी बंद पाकिटातला साधा खिमा घेते किंवा अख्खं मांस आणून घरी करते.

"गहूमुक्त" लिहिलेलं म्हणजे ग्लूटेनमुक्त नव्हे, हेही लक्षात ठेवा. त्यात बार्ली किंवा राय असू शकते. रवा, कुसकुस, बुलगुर, स्पेल्ट हे सगळे गव्हाचेच.

निळासावळा

नमस्कार. मला आजार नाही, पण ग्लूटेन सोडलं की हलकं वाटतं असं ऐकलं, म्हणून सुरू करावं म्हणतोय. पोट वरचेवर बिघडतं. या धाग्यावरूनच सुरुवात करू का?

सांजवेळ

@निळासावळा, मीटबॉल्स जरूर करा, पण ग्लूटेन अजून सोडू नका. पोट वरचेवर बिघडत असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन सिलिॲकची रक्ततपासणी करून घ्या. ही तपासणी ग्लूटेन खात असतानाच खरी येते. आधीच सोडलं तर या तपासणीत शोधतात ती रक्तातली प्रतिपिंडं कमी होतात, निकाल चुकीचा येऊ शकतो, आणि मग तपासणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे ग्लूटेन खावं लागतं. तो त्रास कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

निळासावळा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. याच आठवड्यात तपासणीला जातो. मनापासून आभार.

चाफा

अंडं चालत नसेल तर? माझ्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आणि ग्लूटेनही वर्ज्य. दूधही नको आहे खरं तर.

कोरा_कागद

@चाफा, तिन्ही काढूनही उत्तम होतात. वर लिहिल्याप्रमाणे धरून ठेवायचं काम मांसच करतं. अंडं थोडा आधार आणि ओलावा देतं, इतकंच.

अंड्याऐवजी एक टेबलस्पून जवसाची ताजी पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत झाली की लगद्यात घाला. किंवा एक टीस्पून इसबगोल, तोही पाण्यात भिजवून. इसबगोल जास्त घालू नका, खाताना चिकट लागतं. दुधाऐवजी स्टॉक किंवा साधं पाणी. दुधाने चव थोडी गोलसर होते, पण रचनेला ते आवश्यक नाही.

अंडं नसेल तेव्हा दोन गोष्टी बदला. खिमा थोडा जास्त, म्हणजे मिनिटभर अधिक, कालवा, म्हणजे मांसाची पकड वाढेल. आणि वळलेले गोळे भाजण्याआधी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

रानजाई

@चाफा, भाताऐवजी उकडलेला बटाटा किसून घालून बघा, १०० ग्रॅमच. मुलांना फार आवडतो. बटाटा गार झालेला हवा, आणि हाताने कुस्करून चिकट होऊ द्यायचा नाही.

चाफा

बटाटा नक्की! आणि हे बेत आधी करून ठेवता येतात का? रात्री घरी यायला उशीर होतो. ओव्हनही नाही आमच्याकडे, एअर फ्रायर आहे.

रानजाई

एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर दहा-बारा मिनिटं, अर्ध्यावर एकदा टोपली हलवायची. एकावर एक रचायचे नाहीत, वाफ कोंडते आणि रंग येत नाही.

आधी करून ठेवायचं तर माझी पद्धत अशी. सुट्टीच्या दिवशी दुप्पट किंवा तिप्पट करते आणि सगळे भाजून टाकते. पूर्ण गार झाले की ट्रेवर सुटे सुटे फ्रीझरमध्ये ठेवते, दगड झाले की पिशवीत भरते, हवा काढून. आधी सुटे गोठवले नाहीत तर एकच ढेकूळ होतं. दोन-तीन महिने उत्तम राहतात. कामाच्या दिवशी टोमॅटो सॉस उकळला की गोठलेलेच त्यात सोडायचे, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, मध्यापर्यंत वाफाळते गरम होईपर्यंत. हे भाजलेले असल्यामुळे फुटत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवसांत संपवा.

कच्चा खिमा मात्र फ्रिजमध्ये दिवस-दोन दिवसांच्या पुढे ठेवू नका.

मोरपीस

मांडीच्या मांसाचे केले! फ्रिजमध्ये ठेवल्यावर मिश्रण एकदम ताब्यात आलं. सगळे गोळे अख्खे राहिले, आणि कापल्यावर आतून रस आला. थर्मामीटर ७५ ला आल्यावर लगेच काढले. रानजाई, कोरा_कागद, तुम्हा दोघांना मनापासून धन्यवाद.

आता पुढचा प्रश्न. टोमॅटोऐवजी पांढरा, क्रीमचा सॉस करायचा आहे. नेहमी तो मैद्याने दाट करतात.

कोरा_कागद

@मोरपीस, छान बातमी!

मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर, पण प्रमाण निम्मं. एक कप सॉसला एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर पुरतं. ते मैद्यासारखं लोण्यात परतायचं नाही. गार पाण्यात किंवा दुधात कालवून, उकळत्या स्टॉकमध्ये बारीक धारेने, ढवळत घालायचं. एक-दोन मिनिटं उकळी येऊ द्यायची, म्हणजे कच्ची चव जाते. नंतर फार वेळ उकळत ठेवलं किंवा जोरात ढवळत राहिलं की दाटपणा पुन्हा सुटतो. क्रीम शेवटी, आच कमी करून.

बटाट्याचा स्टार्च आणखी लवकर दाट होतो आणि सॉसला सुंदर चकाकी देतो, पण त्याला उकळी जवळजवळ सहन होत नाही. तो अगदी शेवटी घालून भांडं उतरवायचं.

मैद्याला परतल्याने जो खमंगपणा येतो तो यात येत नाही. तो आणायला गोळे तव्यावर खरपूस करा, तळाशी जे तपकिरी चिकटतं त्यात स्टॉक ओता आणि चमच्याने खरवडून सगळं विरघळवा. पांढऱ्या सॉसची चव तिथूनच येते.

मोरपीस

स्टॉक घरचा आहे, म्हणजे वडीचा प्रश्न नाही. करून लिहिते.

अबोली

शुक्रवारचं जेवण झालं. भाताचेच केले, सोया सॉसशिवाय. पाकिटं सगळी ओट्यावर मांडून ठेवली होती. मैत्रिणीने एकेक हातात घेऊन वाचलं, मग दोनदा वाढून घेतलं. डबा आणलाच नव्हता. आमच्या घरच्यांनाही हे नेहमीच्यापेक्षा मऊ वाटले, त्यामुळे आता ब्रेडचा चुरा परत आणणार नाही.

एक विचारायचं राहिलं. आठ-दहा गोळे उरलेत, सॉस संपला. उद्या डब्यात न्यायचे आहेत. कोरडे गरम केले तर कडक होतील का?

रानजाई

@अबोली, किती छान वाटलं वाचून!

कोरडे गरम करू नका. पसरट भांड्यात दोन-तीन टेबलस्पून पाणी किंवा स्टॉक घालून, गोळे त्यात ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. मध्ये एकदा उलटा. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर अर्धे कापून, चमचाभर पाणी शिंपडून, झाकून आणि कमी पॉवरवर. अर्धे कापले की आतपर्यंत सारखे गरम होतात, कडा वाळत नाहीत. डब्यात भात खाली आणि गोळे वर ठेवा, सुटलेला रस भात पिऊन घेतो.

आणि उरलेले कुस्करून, थोड्या टोमॅटोबरोबर परतले तर पास्त्यावर घालायला झटपट सॉस होतो.

दगडफूल

भाचा उद्या येतोय. ग्लूटेनमुक्त लिहिलेले ओट्स आणले, मिक्सरचं पातं काढून खाच ब्रशने घासली. सांजवेळताई, चाळणीही नवीन घेतली.

सांजवेळ

वा, दगडफूल! एकदा सगळी पाकिटं त्यालाही वाचायला द्या, लहानपणापासून सवय लागेल. वय काय आहे त्याचं?

दगडफूल

नऊ. गोळे तोच वळणार आहे म्हणे.

सांजवेळ

मग हात ओले ठेवायला सांगा, आणि कच्चा खिमा हाताळल्यावर साबणाने धुवायलाही.